व्हीपीएन: ज्यांना सर्वात जास्त गरज, त्यांच्यासाठीच ते निवडणं सर्वात अवघड का?

५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा काढून घेण्यात आला. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यातलं इंटरनेट बंद झालं. जानेवारी २०२०च्या अखेरीस मोबाइल इंटरनेट परत आलं खरं, पण टू-जीच्या वेगानं आणि सरकारी यादीतल्या ३०१ वेबसाइट्सपुरतंच. त्या यादीत सोशल मीडिया नव्हता.

लोकांनी पळवाट शोधली. फोनमध्ये व्हीपीएन ॲप टाकलं की यादीबाहेरच्या साइट्सही उघडायच्या. मग फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनच्या आडून सोशल मीडियाचा गैरवापर केल्याच्या आरोपाखाली गुन्हा नोंदवला. त्यात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलमही होतं. सुरक्षा दलं रस्त्यात फोन तपासून व्हीपीएन ॲप्स शोधत असल्याच्या बातम्याही त्या काळात आल्या.

पुण्या-मुंबईतला एखादा जण जे ॲप परदेशातली वेबमालिका बघायला वापरतो, तेच ॲप फोनमध्ये सापडणं दुसऱ्याला इतकं महागात पडू शकतं.

यूट्यूबवरच्या जाहिरातींमध्ये मात्र व्हीपीएन म्हणजे एक बटण असतं. ते दाबा आणि सुरक्षित व्हा. प्रत्यक्षात ज्यांना खरोखर लपण्याची गरज असते, त्यांच्यासाठी योग्य व्हीपीएन निवडणं, ते मिळवणं आणि चूक न करता वापरणं, या तिन्ही गोष्टी अवघड आहेत. असं का होतं, भारतातले नियम काय आहेत आणि निवड करताना काय बघावं, ते समजून घेऊया.

व्हीपीएन नेमकं काय करतं?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. एक उदाहरण घेऊ.

समजा तुम्ही मोठ्या सोसायटीत राहता. गेटवरचा वॉचमन रोज बघतो की तुम्ही रिक्षावाल्याला कुठे जायचं सांगितलं. दवाखाना, बँक, वकिलाचं ऑफिस, सगळं त्याला कळतं. इंटरनेटच्या बाबतीत हा वॉचमन म्हणजे तुमची मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनी. तुम्ही कोणती वेबसाइट उघडली, हे सहसा तिला दिसतं. सरकारनं विचारलं तर ती सांगू शकते आणि सरकारनं सांगितलं तर एखादी वेबसाइट बंदही करू शकते.

व्हीपीएन वापरलं की तुम्ही गेटवरून काळ्या काचांच्या गाडीत बसता. ती गाडी तुम्हाला आधी एका डेपोत नेते आणि तिथून दुसरी गाडी मुक्कामी सोडते. वॉचमनला एवढंच कळतं की तुम्ही डेपोत गेलात. मुक्कामावरच्या माणसालाही तुम्ही डेपोतून आलात इतकंच दिसतं. म्हणजे वेबसाइटला तुमचा खरा आयपी ॲड्रेस न दिसता व्हीपीएनच्या सर्व्हरचा दिसतो.

पण डेपोवाल्याला तुम्ही कुठून आलात आणि कुठे गेलात, हे दोन्ही दिसतं. व्हीपीएनमुळे नजर ठेवणं संपत नाही. आधी जे मोबाइल कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. तुमचा विश्वास एकाकडून काढून तुम्ही दुसऱ्याकडे दिलेला असतो, आणि हा दुसरा कोण आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. पुढच्या जवळपास सगळ्या अडचणींचं मूळ इथेच आहे.

'जोखमीतले वापरकर्ते' म्हणजे कोण?

डिजिटल सुरक्षेवर काम करणारे लोक काही वापरकर्त्यांचा वेगळा विचार करतात. ऑनलाइन ओळख उघड झाली तर ज्यांची नोकरी, स्वातंत्र्य किंवा जीव धोक्यात येऊ शकतो, असे हे लोक.

यात गुप्त सूत्रांशी बोलणारे पत्रकार येतात, आंदोलनातले कार्यकर्ते येतात. ज्या देशांत समलैंगिक संबंध गुन्हा आहेत तिथले लोक, छळ सोसणारे धार्मिक अल्पसंख्याक आणि नवऱ्याच्या हिंसेतून सुटायचा मार्ग शोधणारी बाईही यात येते.

या सगळ्यांचा प्रतिस्पर्धी मात्र एकच नाही. पत्रकाराला सरकारी यंत्रणेची भीती असेल, कर्मचाऱ्याला कंपनीच्या आयटी विभागाची, तर त्या बाईला घरातल्याच माणसाची. त्यामुळे 'सर्वात चांगलं व्हीपीएन कोणतं?' या प्रश्नाला सगळ्यांना चालेल असं एक उत्तर नाही.

जोखीम कायद्यामुळेही बदलते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत. त्यामुळे दुबईत काम करणारे अनेक भारतीय, त्यात मराठी माणसंही आली, घरी बोलण्यासाठी व्हीपीएनचा विचार करतात. तिथे व्हीपीएन वापरणं हा मुळात गुन्हा नाही. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी ते वापरलं, तर तिथल्या कायद्यात तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे.

पहिली अडचण: माहिती घ्यायची कुठून?

समजा एखाद्यानं 'बेस्ट व्हीपीएन' असं सर्च केलं. समोर 'टॉप १०' याद्यांचा ढीग येतो. यातल्या बहुतेक वेबसाइट्स वाचकानं लिंकवरून व्हीपीएन विकत घेतलं की कमिशन कमावतात.

प्रकरण कमिशनवरच थांबत नाही. केप टेक्नॉलॉजीज ही कंपनी सायबरघोस्ट, झेनमेट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या व्हीपीएन सेवांची मालक होती. २०२१ मध्ये तिनं व्हीपीएनमेंटॉरसारख्या परीक्षण करणाऱ्या वेबसाइट्स चालवणारी कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएनही घेतलं. म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरातले झाले. ही मालकी जाहीर केलेली आहे, पण घाईत ॲप शोधणारा माणूस तिथपर्यंत पोचत नाही.

त्यात बहुतेक कंपन्यांची गोपनीयता धोरणं लांबलचक, कायदेशीर इंग्रजीत असतात. मराठीत किंवा हिंदीत शोधलं तर हाती लागतात ते बहुतांश जाहिरातवजा व्हिडिओ. गावात राहून काम करणाऱ्या कार्यकर्त्याला ही माहिती पारखून घेण्याचा सोपा मार्ग नाही.

फुकटातलं व्हीपीएन चालेल का?

पैसे नसतात किंवा द्यायचे नसतात, म्हणून अनेक जण मोफत ॲपकडे वळतात. पण सर्व्हर चालवायला रोज खर्च येतो. तो ग्राहकाकडून वसूल होत नसेल, तर दुसरीकडून होतो.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली. ३८ टक्के ॲप्समध्ये मालवेअरची लक्षणं आढळली. १८ टक्के ॲप्स माहिती एन्क्रिप्टच करत नव्हती. म्हणजे गाडीला काळ्या काचाच नव्हत्या.

फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली. तिचं मोफत व्हीपीएन ॲप 'तुमचा डेटा सुरक्षित ठेवा' असं सांगायचं आणि लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती फेसबुकला मिळायची. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून हटलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं या प्रकरणात मेटाच्या दोन उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

होला या मोफत सेवेबद्दल २०१५ मध्ये वेगळीच गोष्ट उघड झाली. ती आपल्या वापरकर्त्यांचं इंटरनेट कनेक्शन पैसे घेऊन इतरांना वापरायला देत होती. तुमच्या आयपी ॲड्रेसवरून तिसरंच कुणी काहीतरी करतंय आणि त्याची पोलिस चौकशी तुमच्या दारात आली, असं यात होऊ शकतं.

२०२५ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि सिटिझन लॅबशी संबंधित संशोधकांनी दाखवून दिलं की प्ले स्टोअरवरची अनेक लोकप्रिय व्हीपीएन ॲप्स वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं असली, तरी आतून एकमेकांशी जोडलेली आहेत. त्यांचे एकत्रित डाउनलोड ७० कोटींहून जास्त होते. काहींच्या कोडमध्ये एकच पासवर्ड लिहून ठेवलेला होता. तो ज्याच्या हाती लागेल, त्याला त्या ॲप्समधून जाणारी माहिती उलगडता येऊ शकते.

सगळीच मोफत व्हीपीएन वाईट नाहीत. पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर काही कंपन्या मर्यादित मोफत सेवाही देतात. प्रश्न विचारायचा तो असा: या कंपनीचा खर्च कोण भागवतं?

'नो लॉग्स' या शब्दांवर किती विसंबायचं?

जवळपास प्रत्येक व्हीपीएन कंपनी 'आम्ही तुमच्या वापराची नोंद ठेवत नाही' असं सांगते. यालाच 'नो लॉग्स' म्हणतात. हा दावा बाहेरून तपासणं सामान्य माणसाला शक्य नाही. खरं काय ते कळतं संकट आल्यावरच.

२०१७ मध्ये अमेरिकेत एका तरुणीचा ऑनलाइन छळ करणारा आरोपी पकडला गेला. तपासात एफबीआयला प्युअरव्हीपीएनकडून मिळालेल्या नोंदी उपयोगी पडल्या. आरोपी सापडला हे चांगलंच झालं. पण नोंदी ठेवत नाही असं सांगणाऱ्या कंपनीकडे नोंदी होत्या, हेही समोर आलं.

२०२० मध्ये युएफओ व्हीपीएनसह हाँगकाँगशी संबंधित सात सेवांचा डेटा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. त्यात आयपी ॲड्रेस आणि पासवर्डसुद्धा होते. याही सेवा 'नो लॉग्स'चाच दावा करत होत्या.

उलट उदाहरणंही आहेत. रशियाच्या तुर्कस्तानातल्या राजदूतांची डिसेंबर २०१६ मध्ये हत्या झाली. त्या तपासात तुर्की यंत्रणांनी एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हर ताब्यात घेतला, पण त्यातून ग्राहकाची माहिती मिळाली नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी मुलवाड या कंपनीच्या ऑफिसवर छापा टाकला आणि ते रिकाम्या हातानं परतले. माहितीच नव्हती, त्यामुळे देण्यासारखं काही नव्हतं.

जाहिरातीपेक्षा असे प्रसंग आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी जास्त बोलकी असते. अर्थात काल जी कंपनी विश्वासू होती, ती उद्या विकली गेली तर नवा मालक कसा वागेल, हे कुणी सांगू शकत नाही.

भारतात व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे का?

हो. देशभर व्हीपीएनवर बंदी घालणारा कायदा नाही. पण परिस्थिती तितकी सरळही नाही.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं निर्देश काढले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ईमेल, दिलेले आयपी ॲड्रेस आणि सेवा घेण्याचं कारण, ही माहिती किमान ५ वर्षं जपून ठेवावी, असं त्यात होतं. ग्राहकानं सेवा बंद केली तरी ५ वर्षं. कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला यातून वगळण्यात आलं.

सरकारची बाजू अशी की सायबर गुन्हेगार व्हीपीएनमागे लपतात आणि तपास अडतो. हा मुद्दा हवेतला नाही. शाळांना आणि विमानतळांना बॉम्बच्या धमक्यांचे ईमेल पाठवणाऱ्यांनी व्हीपीएन वापरल्याचं पोलिसांनी अनेकदा सांगितलं आहे.

पण ज्या कंपन्यांचा धंदाच नोंदी न ठेवण्यावर उभा आहे, त्यांना हे मान्य होणं कठीण होतं. जून २०२२ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएननं भारतातले सर्व्हर काढून घेतले. सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉननंही तोच मार्ग घेतला. यातल्या काहींनी परदेशातल्या सर्व्हरवरून भारतीय आयपी ॲड्रेस देण्याची सोय ठेवली. एका छोट्या भारतीय व्हीपीएन कंपनीनं या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

मग जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की सरकारी आदेशानंतर काही व्हीपीएन ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून हटवण्यात आली. त्यात क्लाउडफ्लेअरचं लोकप्रिय १.१.१.१ हे ॲपही होतं.

शिवाय स्थानिक पातळीवर बंदी येऊ शकते. जुलै २०२३ मध्ये हिंसाचारग्रस्त मणिपूरमध्ये ब्रॉडबँड सेवा अटींसह सुरू झाली, तेव्हा कॉम्प्युटरमधलं व्हीपीएन सॉफ्टवेअर काढून टाकण्याची अट होती. मे २०२५ मध्ये, पहलगाम हल्ल्यानंतर, जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्हा प्रशासनानं व्हीपीएनवर तात्पुरती बंदी घातली. म्हणजे जे ॲप मुंबईत कायदेशीर आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात कारवाई होऊ शकते. प्रवास करणाऱ्या पत्रकाराला हे माहीत असायला हवं.

पैसे देताना नाव कसं लपवायचं?

चांगली कंपनी सापडली असं धरून चालू. पुढचा प्रश्न पैशांचा.

यूपीआय, क्रेडिट कार्ड किंवा प्ले स्टोअर, कशानंही पैसे भरले तरी 'या व्यक्तीनं अमुक व्हीपीएन घेतलं' अशी नोंद राहते. तुम्ही आत काय बघितलं हे तिच्यात नसतं. पण व्हीपीएन बाळगणंच संशयास्पद मानलं जात असेल, तर ही नोंदही पुरेशी ठरते. मुलवाड कंपनी नाव-ईमेल न घेता फक्त एक खातेक्रमांक देते आणि पाकिटातून पोस्टानं पाठवलेली रोख रक्कमही स्वीकारते. पण भारतातून युरोपात रोकड पाठवणं किती जणांना जमेल?

काही देशांत तर पैसे देण्याचा मार्गच बंद होतो. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं. रशियन बँकांची कार्डं परदेशी सेवांसाठी चालेनाशी झाली, आणि नेमकं तेव्हाच युद्धाच्या बातम्यांसाठी रशियन नागरिकांना परदेशी व्हीपीएन हवं होतं. निर्बंधांमुळे इराणी नागरिकांचीही हीच अडचण आहे. मग उरतात मोफत ॲप्स आणि टेलिग्रामवरचे अनोळखी विक्रेते.

खोटं व्हीपीएन: मदत म्हणून आलेला सापळा

अधिकृत स्टोअरमधून ॲप्स गायब झाली की लोक लिंकवरून फाइल घेऊन ॲप बसवू लागतात. सापळा नेमका इथे लावला जातो.

२०२२ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं सँडस्ट्राइक नावाची मोहीम उघड केली. लक्ष्य होतं फारसी बोलणारा बहाई समाज. इराणमध्ये या अल्पसंख्याक धर्माच्या लोकांचा छळ होतो. हल्लेखोरांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बहाई धर्माबद्दलची देखणी पानं तयार केली. तिथून लोक एका टेलिग्राम चॅनलवर यायचे आणि चॅनलवर एक व्हीपीएन ॲप मिळायचं. बंदी असलेलं धार्मिक साहित्य वाचण्यासाठी म्हणून ते दिलं जायचं. ते ॲप खरोखर चालायचंही. फक्त सोबत फोनमधले कॉल लॉग आणि संपर्क हल्लेखोरांकडे पोचायचे.

२०२३ मध्ये बिटडिफेंडर या कंपनीनं इराणी लोकांमध्ये चालणाऱ्या एका व्हीपीएनच्या इन्स्टॉल फाइलमध्ये हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर मिसळल्याचं उघड केलं.

व्हीपीएनला फारसीत 'फिल्टरशिकन' म्हणतात, म्हणजे फिल्टर तोडणारा. बंधन जितकं कडक, तितकी त्याची मागणी जास्त आणि पारखायला वेळ कमी. हल्लेखोर याचाच फायदा घेतात.

वापरताना काय चुकतं?

चांगलं ॲप, योग्य मार्गानं घेतलं. तरी धोका संपत नाही.

एक म्हणजे कनेक्शन तुटणं. लोकलमध्ये नेटवर्क बदललं किंवा वायफायवरून मोबाइल डेटावर आलं की व्हीपीएन क्षणभर तुटू शकतं. तेवढ्या वेळात फोन नेहमीच्या मार्गानं माहिती पाठवतो आणि खरा आयपी ॲड्रेस उघड होतो. हे थांबवण्यासाठी 'किल स्विच' असतो. व्हीपीएन तुटलं की तो सगळं इंटरनेटच रोखतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हीपीएन कायम चालू ठेवण्याची आणि त्याच्याशिवाय इंटरनेट बंद ठेवण्याची सोय आहे, पण ती सहसा आपोआप सुरू नसते.

दुसरं म्हणजे गळती. वरच्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात ८४ टक्के ॲप्स आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यावरून जाणारी माहिती व्हीपीएनबाहेरून सोडत होती. स्क्रीनवर 'कनेक्टेड' दिसत असतं, त्यामुळे वापरणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

तिसरं म्हणजे व्हीपीएन स्वतः लपून राहत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की ओपनव्हीपीएन या प्रचलित पद्धतीची ८५ टक्क्यांहून जास्त कनेक्शन्स इंटरनेट कंपनीला ओळखता येतात. तुम्ही काय बघताय ते कळत नाही, पण व्हीपीएन वापरताय हे कळतं. गेटवरचा वॉचमन काळ्या काचांच्या गाड्यांची यादी करू शकतो.

आणि कधीकधी तंत्रज्ञानाची गरजही लागत नाही. फोन हातात घेतला की वरच्या पट्टीवर व्हीपीएनचं चिन्ह दिसतं. म्यानमारमध्ये २०२१च्या लष्करी उठावानंतर चौक्यांवर फोन तपासले जाऊ लागले आणि व्हीपीएन असणं हेच संशयाचं कारण ठरू लागलं.

व्हीपीएन कशापासून वाचवू शकत नाही?

व्हीपीएन रस्ता झाकतं. पाळत घरातच असेल तर त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. भीमा कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची तपासणी बचाव पक्षाच्या वतीनं आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीनं केली. २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार, २०१६ मध्ये एका ईमेलद्वारे नेटवायर नावाचं मालवेअर लॅपटॉपमध्ये शिरलं आणि त्याद्वारे बाहेरून फाइल्स पेरल्या गेल्या. एनआयएनं हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. तो वाद न्यायालयाचा आहे. पण अशा हल्ल्यापुढे व्हीपीएन काही करू शकत नाही, हे त्यातून समजतं. पेगाससचंही तसंच. ते फोनच्या आत बसून मेसेज वाचतं.

फोनचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असेल, तर व्हीपीएन लावून केलेलं सर्चही ब्राउझरच्या हिस्टरीत दिसतं. उलट नवं ॲप बघून संशय वाढू शकतो. अशा बाईसाठी मैत्रिणीचा किंवा संस्थेचा फोन जास्त सुरक्षित ठरतो.

स्वतःच्या नावाच्या गुगल किंवा फेसबुक खात्यात लॉगइन केलं, तर व्हीपीएन असूनही त्या कंपनीला तुम्ही कोण ते कळतंच. आणि जाहिरातीत दाखवतात ती सार्वजनिक वायफायची भीतीही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. बहुतेक वेबसाइट्स एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे पासवर्ड आणि मजकूर आधीच एन्क्रिप्ट होतो.

मग निवडायचं कसं?

ज्यांना धोका आहे त्यांनी ॲप शोधण्याआधी काही प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडावीत.

• मला कोणापासून काय लपवायचं आहे? इंटरनेट कंपनीपासून, वेबसाइटपासून, की घरातल्या माणसापासून? शेवटचं उत्तर असेल तर व्हीपीएन हा उपाय नाही.

• मी जिथे आहे आणि जिथे जाणार आहे, तिथे व्हीपीएन बाळगण्यावर बंदी आहे का? असेल तर ते सापडल्यावर काय होईल?

• कंपनीचे मालक कोण, ती कोणत्या देशात नोंदलेली आहे आणि तिचं उत्पन्न कशातून येतं? हे तिच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तिथेच थांबावं.

• बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे का आणि तिचा अहवाल जाहीर आहे का? पोलिसांनी माहिती मागितली तेव्हा कंपनीनं काय केलं?

• ॲप कुठून घेतोय? अधिकृत स्टोअर किंवा कंपनीची स्वतःची वेबसाइट. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेली फाइल नको, पाठवणारा ओळखीचा असला तरी.

• किल स्विच सुरू आहे का? ॲप बसवल्यावर आयपी ॲड्रेस आणि डीएनएस गळती तपासणाऱ्या वेबसाइटवर एकदा खात्री करून घ्यावी, आणि फोनची सिस्टीम अपडेट झाली की पुन्हा.

ज्यांना फक्त ब्राउझिंग लपवायचं आहे, त्यांच्यासाठी टॉर ब्राउझर हा मोफत पर्याय आहे. त्यात माहिती तीन वेगवेगळ्या टप्प्यांतून जाते. तुम्ही कोण आणि कुठे जाताय, या दोन्ही गोष्टी एकाच टप्प्याला माहीत नसतात. म्हणजे एकाच डेपोवाल्यावर भिस्त ठेवावी लागत नाही. त्याचा वेग मात्र कमी असतो, आणि टॉर वापरत असल्याचं इंटरनेट कंपनीला दिसू शकतं.

मेसेज आणि कॉल जपायचे असतील तर सिग्नलसारखं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड ॲप आणि वेळेवर केलेले अपडेट्स व्हीपीएनपेक्षा जास्त कामाचे आहेत. अनोळखी ईमेलमधली फाइल न उघडणं हेही त्यातच आलं. आणि धोका खरोखर गंभीर असेल, तर यूट्यूबवरच्या यादीपेक्षा पत्रकार आणि कार्यकर्त्यांना डिजिटल सुरक्षेची मदत करणाऱ्या संस्थेशी आधी बोलावं. तेही शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून.